देवाला उकडतं

आमच्या शारजाच्या घरात एसी लावायचा हक्क सगळ्यांना होता, बंद करायचा फक्त आईला. हा हक्क ती मनापासून बजावायची. कोणी पाणी प्यायला उठलं की मागे खट् असा आवाज यायचा, आणि तो माणूस परत येईपर्यंत खोलीची भट्टी झालेली असायची. बिल आलं की ती दिरहमचे रुपये मोठ्यानं करून दाखवायची आणि पुढचे दोन दिवस आम्ही पंख्याखाली काढायचो. गंमत अशी की माझे बाबा एसी बसवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होते. अल मजाजमध्ये लगूनच्या काठी तेव्हा एकामागून एक टॉवर उभे राहत होते आणि त्यातल्या कितीतरींच्या छतांत बाबांनी घातलेले पत्र्याचे डक्ट होते. "अख्ख्या शारजाला गारवा मी देतो आणि घरी येऊन घामानं निथळतो," असं ते म्हणायचे. आई कणीक मळता मळता उत्तर द्यायची, "त्या टॉवरचं बिल टॉवरवाले भरतात."

त्या उकाड्याचे फायदेही होते, ते मान्य करायला हवं. आईचं दही दुपारी विरजलं की चहाच्या वेळेपर्यंत सुरीनं कापता यायचं. इडलीचं पीठ तर नजर चुकवून पातेल्याबाहेर यायचं. एकदा ते ओट्यावरून उतरून गॅस सिलिंडरपर्यंत पोचलं होतं. आमच्या घराला कायम एक आंबूस, उबदार वास असायचा, त्यात तळलेल्या बोंबलांची आणि उदबत्तीची भर. शाळेतल्या मैत्रिणींना घरी आणायची मला लाज वाटायची. आज तो वास कुठे मिळाला तर मी तिथेच खुर्ची टाकून बसेन.

या वासात आणखी एक वास मिसळायचा, तो समोरच्या फ्लॅटमधल्या फ्रान्सिस अंकलमुळे. ते गोव्याचे, बाबांच्याच कंपनीत ड्राफ्ट्समन. बायको-मुलं गावी, त्यामुळे त्यांचं जेवण निम्मं आमच्याकडे. बाबा रुवैसला रिफायनरीच्या कामावर कित्येक महिने होते, तेव्हा माझं अपेंडिक्स फुटलं. आईला ना गाडी चालवता येत होती, ना डॉक्टरांशी इंग्रजीत बोलता येत होतं. फ्रान्सिस अंकलनी बनियनवरच धावत येऊन मला उचलून गाडीत घातलं आणि ऑपरेशन होईस्तोवर आईशेजारी बाकावर बसून राहिले. ती त्यांना तेव्हापासून "भाऊजी" म्हणू लागली. आमच्या गणपतीला ते न चुकता यायचे, आरतीत एक टाळी नेहमी उशिरा वाजवायचे, आणि आईनं शिकवल्याप्रमाणे तीर्थ उजव्या तळव्यावर घेऊन, पिऊन, ओला हात डोक्यावरून फिरवायचे. डोक्यावर केस नव्हते, पण हात मात्र अगदी मागे मानेपर्यंत जायचा.

तर या दोन सज्जनांना घरी बिअर बनवायचा नाद होता. शारजात दारूला सक्त मनाई. पकडले गेले तर नोकरी खलास, व्हिसा खलास, चंबूगबाळं आवरून पहिलं विमान. हे दोघांनाही माहीत होतं आणि बहुधा म्हणूनच नाद वाढला. फ्रान्सिस अंकल सुट्टीहून येताना माल्टच्या पाकाचे डबे आणायचे. दिसायला काकवीसारखा, आणि वर चिठ्ठी "फॅमिली टॉनिक". तो पाक, साखर आणि उकळून गार केलेलं पाणी एका मोठ्या पांढऱ्या ड्रममध्ये जायचं. ड्रम मुळात हॉटेलातल्या लोणच्याचा, त्यामुळे पहिल्या खेपेच्या बिअरला कैरीच्या लोणच्याची चव होती. मग यीस्ट टाकायचं, झाकण घट्ट लावायचं आणि झाकणातून काढलेल्या नळीचं टोक पाण्यानं भरलेल्या जॅमच्या बाटलीत बुडवायचं. आतला वायू त्या पाण्यातून बुडुक, बुडुक करत बाहेर पडायचा. ते ऐकताना बाबांचा चेहरा असा व्हायचा की माझं दहावीचं प्रगतिपुस्तक पाहूनही कधी झाला नाही.

अडचण एकच, उकाडा. त्या यीस्टला गारवा लागतो. तो नाही मिळाला तर ते माजतं, दोन दिवसांत सगळं उरकतं आणि मागे पिकलेली केळी आणि नेलपॉलिश अशी चव ठेवून जातं. बाबांनी उपाय कमी केले नाहीत. ड्रमला ओलं बनियन नेसवून समोर टेबलफॅन लावला. पण समुद्राकाठची दमट हवा, बनियन वाळेना, उलट त्याला हिरवी बुरशी आली. टबात पाणी भरून ड्रम आत ठेवला, तर गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चहा करता येईल इतकं गरम. उन्हाळ्यात आम्ही गीझर बंद ठेवायचो, त्यामुळे घरातलं त्यातल्या त्यात गार पाणी लाल खुणेच्या नळातून यायचं आणि निळ्या खुणेच्या नळाखाली हात भाजायचा. मग बाबा लाल नळाचं पाणी टबात भरून ठेवायला लागले आणि सकाळी आंघोळीला कोणाला थेंब मिळेना. मी पाण्याच्या बाटल्यांचा बर्फ करून टबात सोडायचे, पण फ्रीजरमध्ये आईचं खवलेलं खोबरं, सोललेले मटार आणि मांदेली यांचं राज्य. बाटली दिसली की ती बाहेर निघायची. ड्रमचा ताप बघायला बाबांनी घरातला तापाचा थर्मामीटर वापरला होता, हेही सांगून टाकते. तो पस्तिसाच्या खाली काही दाखवतच नाही, म्हणून बाबा दोन महिने समजत होते की बिअर अगदी ठणठणीत आहे.

आज माझा मुलगा दुबई मरीनात उंचावर कुठेतरी राहतो. त्याला हे सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आई, व्हाय डिडन्ट दे जस्ट बाय इट?" ज्यांना हा प्रश्न पडतो त्यांना लोणचं घरी का घालायचं तेही कळत नाही.

आईनं पाच-सहा खेपा सहन केल्या. मग एका दुपारी ड्रमचं झाकण उडालं आणि न्हाणीघराच्या छतावर फेस गेला, तेव्हा तिनं अख्खा ड्रम संडासात ओतला आणि कमरेला पदर खोचून बाबांना सांगितलं, "पुन्हा हे घरात दिसलं तर असंच करीन. पोरगी शिकतेय इथे. तुम्हाला पकडलं तर मी कोणत्या तोंडानं माहेरी जाऊ?" बाबांनी मान डोलावली. फ्रान्सिस अंकल दारातूनच म्हणाले, "वहिनी, आय फुल्ली सपोर्ट यू," आणि आपल्या घरात जाऊन दार लावून घेतलं.

त्यानंतर वर्षभर सगळं शांत होतं. मग फ्रान्सिस अंकलचं कायमचं परतायचं ठरलं. सामान आधीच बोटीनं गेलं होतं, फ्लॅटची चावी परत केली होती आणि शेवटचे काही दिवस ते एका मित्राकडे सतरंजीवर झोपत होते. जाण्याआधी एकदा त्यांनी शेवटचा डबा बाबांच्या हातात दिला. "पाटणकर," ते म्हणाले, "इतकी वर्षं ट्राय केला. एक ग्लास पण प्यायच्या लायकीचा झाला नाय. आता तिकडे जाऊन सगळ्यांना काय सांगू? केळ्याचा ज्यूस केला?" ते हसले, बाबा हसले नाहीत. विमान गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं होतं. मला तेव्हा समजलं की बाबांना बिअरचं काही पडलेलं नाही. हा माणूस आयुष्यातून निघून चाललाय आणि दोघांनी मिळून हाती घेतलेली एकुलती एक गोष्ट अपुरी राहतेय, हे त्यांना खात होतं.

गणपतीच्या तयारीला आई लागली होती. दुबईच्या देवळाजवळच्या गल्लीतून मूर्ती आली, हॉलमधलं जेवणाचं टेबल भिंतीला लागलं, त्यावर तिची लग्नातली जांभळी पैठणी पसरली, ती पुढून जमिनीपर्यंत लोंबत होती. मग तिनं खिडकीतल्या एसीचा खटका सुरू केला आणि स्वयंपाकघरात गेली. बाबा खट् असा आवाज यायची वाट बघत राहिले. तो आला नाही. संध्याकाळ झाली, एसी चालूच. बाबांनी विचारलं, "अगं, एसी बंद करायचा राहिला का?"

"राहू दे पाच दिवस," आई म्हणाली. "देवाला उकडतं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ज्या घरात माणसाला पाणी पिऊन येईपर्यंत गारवा मिळत नव्हता, तिथे एकाला चोवीस तास मिळणार होता, आणि त्याच्या टेबलाखाली भरपूर जागा होती. मी म्हटलं, "बाबा, आर यू क्रेझी?" पण हे म्हणताना मी पैठणीची कड उचलून धरली होती. आई फुलं आणायला खाली गेली तेव्हा गच्चीवरच्या टाकीमागून ड्रम आला, पाक ढवळला गेला, यीस्ट पडलं आणि सगळा सरंजाम पैठणीआड गेला. बाबांनी मूर्तीसमोर हात जोडले. काय मागितलं ते सांगायची गरज नाही.

पहिल्या दिवशी टाळ-झांजांच्या गजरात काही ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी आरती संपली, मंत्रपुष्पांजली म्हणून झाल्यावर सगळे हातात फुलं घेऊन डोळे मिटून उभे राहिले, आणि त्या शांततेत टेबलाकडून आवाज आला. बुडुक. बाबा जोरात खोकले. पुन्हा, बुडुक. खालच्या मजल्यावरच्या टिळेकर काकू, ज्यांना आमच्या बिल्डिंगमधल्या प्रत्येक घरातलं सगळं ऐकू यायचं, त्यांनी डोळे उघडले. त्या मूर्तीच्या अगदी जवळ गेल्या, कान लावला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, बाप्पा हुंकार देतोय," त्या म्हणाल्या. "पोटातून. ऐका ना."

सगळ्यांनी ऐकलं. आईनंही ऐकलं आणि ती तिथेच टेकली. आमच्या घरात, परदेशात, तिनं हौसेनं बसवलेल्या गणपतीनं हुंकार द्यावा, याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर मावेना. मला फार वाईट वाटलं आणि हसूही आवरेना. मी बाथरूममध्ये जाऊन टॉवेल तोंडात कोंबला.

तिसऱ्या दिवशी दुपारपासून माणसं येऊ लागली. टिळेकर काकूंनी फोन बडवले असणार. अजमानहून एक कुटुंब आलं, दुबईहून दोन गाड्या आल्या. सगळ्यांना बसायला सतरंजी, हातात मोदक, आणि मग सगळे गप्प बसून वाट बघत. आवाज आला की टाळ्या. एका आजोबांनी तर "मुलाला कॅनडाचा व्हिसा मिळेल का?" असं विचारलं आणि नेमकं त्याच वेळी दोनदा बुडुक झालं. ते रडत घरी गेले. संध्याकाळी वॉचमन वर आला. तो पठाण, भला माणूस, पण त्याला काळजी वाटत होती. "साब, बाहर इतना जूता क्यों है?" त्यानं दारातूनच विचारलं. "नीचे लोग पूछता है. पुलिस भी पूछेगा." बाबा त्याला जिन्यापर्यंत घेऊन गेले, बर्थडे आहे म्हणून सांगितलं, हातात मोदक दिले. परत आले तेव्हा त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. हॉल भरलेला, ड्रम हलवायला जागा नाही, आणि बाप्पा बुडुक बुडुक करतोय.

आईला कळलं ते चौथ्या दिवशी दुपारी. बाबा ऑफिसात होते, पाहुणे गेले होते. ती एकटीच देवापुढे बसून हुंकाराची वाट बघत होती, मी पलीकडे अभ्यासाचं पुस्तक धरून. आवाज आला. तिनं हात जोडले. मग तिचं नाक हललं. इडलीचं पीठ केव्हा तयार झालं हे झाकण न काढता ओळखणारी बाई ती. तिनं हळूच पैठणीची कड उचलली, आत पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि कड पुन्हा खाली सोडून चुण्या नीट केल्या. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुला माहीत होतं."

"हो."

"भाऊजींसाठी?"

"हो."

ती उठली. एसीचा खटका तिनं पार शेवटपर्यंत फिरवला. मग फ्रीजर उघडला. खोबरं, मटार, मांदेली, सगळं बाहेर काढून ओट्यावर ठेवलं आणि फ्रीजर पाण्याच्या बाटल्यांनी भरला. पाहुणे यायच्या आत गारठलेल्या बाटल्या पैठणीआड ड्रमभोवती रचल्या गेल्या. मी मदतीला गेले तर हात झटकला. यीस्ट म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं, पण पीठ गारठलं की गप्प बसतं हे पक्कं माहीत होतं. आणि तिला फक्त ते गप्प बसायला हवं होतं.

संध्याकाळी हॉलमध्ये हिमालय अवतरला होता. माणसं मोदक खाताना कुडकुडत होती, टिळेकर काकूंनी पदर कानांवरून घट्ट लपेटला होता. सगळे वाट बघत बसले. आवाज नाही. "काय हो, आज हुंकार नाही?" काकूंनी विचारलं.

"आजपासून मौन," आई शांतपणे म्हणाली. "उद्या जायचंय ना त्याला." आणि तिनं आरत्यांची कॅसेट मोठ्यानं लावली. अर्ध्या तासात बाहेर एकही चप्पल उरली नाही.

बाबांनी सगळे गेल्यावर पैठणीआड हात घातला आणि बाटलीला बोट लागताच मागे घेतला. "शाब्बास," ते माझ्या कानात म्हणाले, "भरपूर बर्फ लावलास." मी म्हटलं, मी नाही लावला. त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आई दुपारी बाहेर काढलेली सगळी मांदेली एकदम तळून काढत होती, गणपतीच्या दिवसांत, आमच्या घरात. बाबांचा चेहरा पांढरा पडला. त्यानंतर विसर्जनापर्यंत ते घरात चोरपावलांनी फिरले, कोणी न सांगता भाजी निवडून दिली, कपडे वाळत घातले. आई एक अक्षर बोलली नाही. ती बोलत नाही म्हणजे निकाल आधीच लागलाय, हे आम्हा दोघांना माहीत होतं. संडासाचं दार दिसलं की मी तोंड फिरवायचे.

विसर्जनाला फ्रान्सिस अंकल आले, नवा शर्ट घालून. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. परदेशात समुद्रावर मिरवणूक नाही, त्यामुळे आमचं विसर्जन मोठ्या बादलीत. बाबांनी मूर्ती पाण्यात सोडली, अंकलची टाळी नेहमीप्रमाणे एक उशिरा पडली, आणि सगळे जरा वेळ पाण्याकडे बघत राहिले. मग आई म्हणाली, "अहो, आता टेबलाखालचं काढा."

बाबांनी ड्रम बाहेर ओढला. तो बादलीशेजारी पांढराशुभ्र उभा राहिला. अंकलनी ड्रम पाहिला, आईकडे पाहिलं आणि उठायला लागले. "वहिनी, आय वॉज नॉट कन्सल्टेड," ते म्हणाले.

"बसा भाऊजी." आई ड्रमसमोर बसली. "हे मी संडासात ओतणार होते," ती म्हणाली. "काल दुपारपासून तोच विचार करतेय. पण पाच दिवस देवाच्या पायाशी होतं. याच्यावरून आरती फिरली, याला धूप दाखवला, लोकांनी याला नमस्कार केला. देवापुढचं गटारात ओतायचं कसं? त्यातून मी लोकांशी खोटं बोलले, ते वेगळंच." ती बाबांकडे वळली. "तुम्ही मुद्दाम ठेवलंत ना इथे? म्हणजे मला टाकता येऊ नये?"

बाबा टेबलावरची पैठणी गोळा करायला लागले. मी पुढे अनेकदा त्यांना हे विचारलं, अगदी शेवटच्या आजारपणातही, आणि प्रत्येक वेळी ते एसीला काय उत्तम जागा मिळाली होती याबद्दलच बोलत राहिले.

आई आत गेली आणि फोडणीची पळी घासून-धुऊन घेऊन आली. देवाची तांब्याची पळी तिनं देव्हाऱ्यातच ठेवली, तेवढं तिनं पाळलं. झाकण काढलं. केळ्याचा वास आला नाही. तिनं पळी बुडवून वर काढली आणि म्हणाली, "भाऊजी, तीर्थ घ्या."

फ्रान्सिस अंकलनी इकडेतिकडे पाहिलं. मग सवयीनं त्यांचा उजवा हात पुढे आला, तळव्याची वाटी झाली, खाली डावा हात. आईनं पळी ओतली. फेस नव्हता, रंग पातळ चहाचा. त्यांनी ते पिऊन ओला हात कपाळावरून मागे मानेपर्यंत फिरवला. त्यांच्या टकलावर बिअर चमकत होती. मला तिथे जे रडू आलं ते मी लपवलं नाही, आणि बाबांनीही लपवलं नाही.

"कसं झालंय?" आईनं विचारलं.

अंकलनी ओठांवरून जीभ फिरवली. मग बाबांकडे वळून म्हणाले, "पाटणकर, ही तर बिअर आहे."

"मग इतकी वर्षं काय होतं?" आई म्हणाली.

अंकलनी पुन्हा हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. "वहिनी, तीर्थ एकदाच घ्यायचं असतं ना?"

"तीनदा," आई म्हणाली, आणि पळी खाली ठेवून तिनं आमटीचा डाव मागवला.